ळ चे खिळे

धुळ्यात पाचकंदिलाच्या मागे, बोळात, माझं ट्रेडल होतं.
लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, पतपेढीच्या पावत्या,
आणि बडगुजरच्या कॅसेटींचे कागद,
डबीत घडी घालून बसतात ते.

गाणी सगळी अहिराणी.
त्यामुळे माझ्या केसमध्ये ळ चा कप्पा कायम भरलेला.
आमच्याकडे डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी,
आणि जवळचं सगळं जवय.
य मात्र पुरत नसत.

सुपडाबाई नरडाण्याची.
बडगुजरने तिला कुसुंब्याच्या एका हळदीत ऐकलं
आणि दुसऱ्याच आठवड्यात रेडिओच्या दुकानावरच्या खोलीत आणलं.
भिंतींना गोधड्या, पंखा बंद, मे महिना.
पदराला कपाशीचा तंतू तसाच.
बेंजोवर धुडकू चित्ते; त्याचा घाम तारांवर पडे,
की तो थांबून शर्टाच्या टोकाने पुसे.
वाट दखी दखी डोया दुखनात,
एवढी एकच ओळ तिने सहा वेळा वेगवेगळी म्हटली.
मी प्रुफं द्यायला गेलो होतो, जिन्यातच बसून राहिलो.

सातशे रुपये, एक लुगडं, कागदावर अंगठा.
कागद मीच छापलेला:
‘या ध्वनिमुद्रणाचे सर्व हक्क यापुढे कायम यांच्याकडे’.
तो फॉर्म बडगुजर मोडू देत नसे.
प्रत्येक गाणाऱ्याला तोच लागायचा.
माझे सगळे य त्या चौकटीत सुतळीने आवळलेले.

म्हणून ‘गायिका’ जुळवताना य सापडेना.
मी सांगितलं.
बडगुजर म्हणाला, राहू दे ती ओळ,
तिथे दुकानाचा फोन टाक, मोठ्या टायपात.
मी टाकला.

खोटं कशाला बोलू, तो नसता
तर ते गाणं पांझरा ओलांडून गेलं नसतं.
त्याने एसटीच्या टपावर पोती चढवली,
नंदुरबार, नवापूर, थेट सुरत.
लिंबायतच्या खोल्यांत रात्रपाळीहून आलेली आपली पोरं
टेप घासून आवाज जाड होईपर्यंत ते ऐकत होती.
धुडकूला अकरा वर्षं लग्नाचं काम मिळालं.
लोक विचारत, बडगुजरवाल्या गाण्यातला बेंजो तूच ना?
तो हो म्हणायचा.
दुसरं काय म्हणणार?

मग बडगुजर गेला.
पोराने कपाटभर रिळं कुठल्याशा कंपनीला विकली,
दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

गेल्या वर्षी नातवाने सुपडाबाईला अंगणात खाटेवर बसवून
तेच गाणं म्हणायला लावलं, फोनवर टाकलं.
तिसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं.
नातवाने तिला आलेला मजकूर वाचून दाखवला:
या गाण्याचे हक्क दुसऱ्या कोणाकडे आहेत.
म्हातारी हसली, हसता हसता ठसका लागला.
म्हणाली, मंग हाऊ खोकला कोना शे रे?

हे ऐकलं आणि मी माळ्यावर चढलो.
ट्रेडल केव्हाच भंगारात गेलंय, खिळे किलोवर विकले,
पण तो फॉर्म होता. शाई दगड झालेली.
रॉकेलमध्ये रात्रभर भिजवला, सुतळी कापली,
‘कायम’ मधला य उपसून काढला
आणि ‘गायिका’ जुळवलं. पुढे तिचं नाव.
हातानेच दाबून एक प्रत उमटवली, जरा तिरकी.

नरडाण्याला घेऊन गेलो.
तिने कागद आधी हुंगला.
मग नातवाकडून वाचून घेतला, दोनदा.
मग माझ्याकडे बघत म्हणाली,
आन् धुडकूनं नाव कोठे शे?

मी खिशात हात घातला.
चार-पाच ळ होते.